पट्टीखालची ओळ

भाऊ, तू गेलास त्या सकाळी मी सगळ्यात आधी यादी केली. शववाहिनी, तापीच्या घाटावर निरोप, लाकडं, गुरुजी, मावशीला फोन, वहिनीच्या बीपीच्या गोळ्या. एकेक काम झालं की पुढे खूण करत गेले. बायका आपसात बोलल्या, सुमनचं काळीज दगडाचं, भाऊ गेला तरी हातातलं पेन सुटत नाही. तू असतास तर त्यांना म्हणाला असतास, "ते पेन सुटलं तर या घरात उद्याचा चहासुद्धा व्हायचा नाही."

तेरावं होऊन चार दिवस झाले. तुझे जुने विद्यार्थी तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढताहेत. काल तिघं आले, पायऱ्यांवर चपला काढून अगदी ओळीत उभे राहिले, वर्गात राहायचे तसे. "ताई, सरांवर दोन पानं लिहा. चांगलं चांगलं लिहा." चांगलं मी लिहिणारच आहे, कारण ते खरं आहे. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. ती आधी तुला सांगते. मग छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

तुझ्याकडून इंग्रजी शिकले तेव्हा मी चौदा वर्षांची होते, तू एकोणीसचा. सिंधीपुऱ्यातल्या आपल्या गच्चीवर तू मला फ्रेज ओळखायला शिकवत होतास. तू दोन वाक्यं लिहिलीस. 'द बुक ऑन द टेबल इज माइन.' 'ही पुट द बुक ऑन द टेबल.' दोन्हीकडे 'ऑन द टेबल'खाली रेघ मारलीस आणि विचारलंस, कोणती फ्रेज? मी म्हटलं, दोन्ही एकच, शब्द तेच आहेत ना. तू स्टीलची पट्टी उभी धरून माझ्या बोटांच्या पेरांवर मारलीस. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर तो पांढरा वण अजून आहे. मी रडले, तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा एकच म्हटलं, तू पुन्हा मारलंस. रक्त वहीवर पडलं तेव्हा थांबलास. मग खाली गेलास, हळद आणलीस, बोट बांधलंस आणि वहीवर पुस्तक ठेवून म्हणालास, "हे बघ. कोणतं पुस्तक? वहीवरचं. ती फ्रेज पुस्तकाची माहिती सांगते, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह. आता मी ठेवतोय. कुठे ठेवलं? वहीवर. ती ठेवण्याची माहिती सांगते, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. फ्रेजच्या तोंडाकडे बघू नको सुमे, तिला काम विचार."

त्यानंतर मी ते कधी चुकले नाही. आणि त्यावरून आपण तेहतीस वर्षं भांडलो. तू म्हणायचास, मारलं म्हणून लक्षात राहिलं. मी म्हणायचे, पुस्तक ठेवून दाखवलंस म्हणून. "आधी पुस्तक ठेवलं असतंस तर पट्टी लागलीच नसती." "आणि पट्टी लागली नसती तर तू पुस्तकाकडे बघितलं असतंस का?" हे बोलणं आपण कितीदा केलं ते सांगता येणार नाही. वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "तुम्हा दोघांचं हे काही या जन्मात मिटत नाही." तिचं खरं झालं.

तुझ्या हाताचा मी नुसता मारच खाल्ला नाही, त्या हातानेच मला वाचवलं. रावेरच्या घरात माझा नवरा मला चार वर्षं मारत होता. मी कुणाला बोलले नव्हते. तू दिवाळीचं बोलावणं घेऊन आलास आणि माझी मान पाहिलीस. चहा प्यायलास, त्याला म्हणालास, "चला दाजी, स्टँडपर्यंत सोडा." स्टँडवर, भर गर्दीत, त्याला खाली पाडून तू त्याचा जबडा मोडलास. लोक ओढत होते तरी तू मारत होतास. मग शर्टाला रक्त लागलेला तसाच घरी आलास आणि म्हणालास, "सुमे, पिशवी भर. पाच मिनिटं." मी पाच मिनिटांच्या आत भरली. बसमध्ये तू खिडकीशी बसलास, मी तुझी सुजलेली मूठ ओल्या रुमालात धरून बसले. त्या दिवशी मला हिंसा वाईट वाटली नाही. आजही ते आठवून वाईट वाटत नाही. हे लिहायला नको होतं कदाचित, पण तुला खोटं लिहू कशी?

मग तू बाहेरच्या खोलीत क्लास काढलास आणि मला रजिस्टर दिलंस. एकोणीस वर्षं चालला. जुन्या मुलांना पद्धत माहीत आहे, नव्यांसाठी लिहिते. शनिवारी परीक्षा. वीस वाक्यं, प्रत्येकात काही शब्दांखाली रेघ. नाउन फ्रेज, अ‍ॅडजेक्टिव्ह फ्रेज की अ‍ॅडव्हर्ब फ्रेज, ते लिहायचं. पेपर मी तपासायचे, चुका रजिस्टरमध्ये चढवायचे. रविवारी सकाळी तू दाराशी उभा राहायचास, मी टेबलाशी बसायचे. मी नाव आणि आकडा वाचायचे. ज्याचं नाव येईल त्याने पुढे यायचं, उजवा हात पुढे, डावा पाठीमागे. जेवढ्या चुका तेवढ्या छड्या. मी वाचायचे, तू मारायचास, आणि मी मोजायचे. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. बाहेर लोकांना सांगताना आपण दोघंही म्हणायचो, आपल्याकडे अन्याय नाही.

ओळी दाट होत्या, चाळीस नावं. डोळा घसरू नये म्हणून मी वाचताना ओळीखाली लाकडी पट्टी धरायचे. हातभर लांब, सागवानी. ती माझी होती.

ज्या रविवारचं सांगायचंय, त्याच्या आदल्या रविवारी तुझी छडी मोडली. नवी आणायचं माझ्या यादीत होतं, पण सुताराचं दुकान बंद होतं. म्हणून त्या रविवारी तू माझ्या टेबलावरून पट्टी उचललीस. मी म्हटलं, "अरे, मला लागते ती." तू म्हणालास, "एकोणीस वर्षं झाली, आता काय पट्टी धरून वाचतेस?"

मी पट्टीशिवाय वाचू लागले. पायलचं नाव आलं.

पायल देडतलाई गावची. बाप केळी लावतो. दहावीसाठी पोरीला इथे गावात, लालबागला मामाकडे ठेवलेलं. पहिल्या परीक्षेत तिच्या चौदा चुका होत्या, मग नऊ, मग चार. तू म्हणायचास, बघ, छडीने उतरल्या. तुला माहीत नव्हतं, बुधवारी दुपारी ती माझ्याकडे यायची. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या कापून त्यावर फ्रेज लिहिल्या होत्या, ती त्या वाक्यात ठेवून बघायची आणि स्वतःशी पुटपुटायची, "तुझं काम काय गं, तुझं काम काय?" हे मी तुला सांगितलं नाही. आपलं भांडण जिंकायला जपून ठेवलं होतं.

मी वाचलं, "पायल, अकरा."

ती जागेवरून म्हणाली, "नाही सर, माझे सगळे बरोबर आहेत." तू म्हणालास, पुढे ये. ती आली, हात पुढे केला. तू मारायला लागलास. मध्ये ती पुन्हा काहीतरी बोलली. तू म्हणालास, "रजिस्टर खोटं बोलतं का?" मी मोजत होते. सात, आठ. नऊ झाल्यावर तिने हात मागे घेतला आणि तुझ्या डोळ्यांत बघून बोलली. तुझा डावा हात तिच्या खांद्यावर होता. उजव्या हातातली पट्टी टाकून तू तिच्या कानाखाली मारलीस. एकदा. मग परत एकदा, त्याच जागी. ती दाराच्या चौकटीवर आपटली. उठली, दप्तर घेतलं आणि कानावर हात धरून निघून गेली. मी पुढचं नाव वाचलं.

संध्याकाळी रजिस्टर बंद करायला घेतलं. पट्टी परत मिळाली होती, सवयीने ओळीखाली ठेवली. पायलच्या नावापुढे शून्य होतं. अकरा खालच्या ओळीतल्या मुलीचे होते. पेपर काढून पाहिला. वीसपैकी वीस. शेवटच्या वाक्यात ती जरा अडखळलेली, आधी अ‍ॅडजेक्टिव्ह लिहून खोडलेलं, मग अ‍ॅडव्हर्ब. बरोबर.

तू आतल्या खोलीत जेवत होतास. दहा पावलं होती. मी उठले नाही. उद्याच्या यादीत लिहिलं. गॅसची टाकी, लाइटचं बिल, सुतार, वहिनीचा चष्मा, झेरॉक्स, पायलचे मार्क भाऊला सांगणे. सहाव्या नंबरवर. मनात म्हटलं, सकाळी क्लास सुटल्यावर सांगू, तू शांत असशील, मग तिला बोलावून घेऊ, वहिनी तिला काहीतरी गोड देईल. माझी कामं अशीच होतात. नंबर लागला की होतात.

सकाळी सातची बॅच सुटली. मी हजेरी चढवत होते. तिघं आत आले. पायलचा बाप, मामा आणि एक चुलतभाऊ. चुलतभावाच्या हातात कुदळीचा दांडा. बाप दारातच थांबला, चपला काढल्या. शेतातून थेट आला होता, बनियनवर केळीच्या चिकाचे काळे डाग.

"मास्तर, पोरीच्या कानातून रात्रभर रगत येत होतं. डॉक्टर म्हणतो पडदा फाटला."

तू खुर्चीतून उठलास. तुझा आवाज वर गेला नाही. "अकरा चुका होत्या तिच्या. वर उलट बोलली."

"ती म्हणते एक पण नव्हती."

"ही बघा, माझी बहीण. एकोणीस वर्षांत हिने रजिस्टरमध्ये चूक केलेली नाही. दाखव गं त्यांना."

भाऊ, रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. तू हात पुढे केलास. मी ते छातीशी धरलं. तुला वाटलं असेल मी घाबरले. घाबरलेच होते, पण दांड्याला नाही.

मामाने तुझी कॉलर धरली. बाप म्हणाला, "सोड त्याला. पद्धतशीर करू." टेबलावरची पट्टी उचलली. "हात पुढे, मास्तर. डावा मागे." तू हात पुढे केला नाहीस, तर चुलतभावाने दांडा तुझ्या गुडघ्यावर घातला. तू एका गुडघ्यावर बसलास. मग हात पुढे केलास. बाप माझ्याकडे वळला. "ताई, तू मोजतेस ना? मोज."

मी मोजलं. मोजलं रे. एक म्हटल्यावर दोन तोंडातून आपोआप आले. पाचव्याला पट्टी उभी चिरली, सहाव्याला मोडली. मग बापाने दांडा घेतला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ओळखला, रावेरच्या घरात स्वतःच्या हाताचा ऐकला होता. अकरा झाल्यावर मी "अकरा" जरा मोठ्याने म्हटलं, म्हणजे ते थांबतील. बाप थांबलाही. त्याचा हात खाली आला. पण तू वर बघून म्हणालास, "पोरीला शिकवायची लायकी नाही तुझी," आणि चुलतभावाने त्याच्या हातातून दांडा घेऊन फिरवला. तू मागे गेलास, ओट्याच्या दगडी पायरीवर डोकं आपटलं. बारावा मी मोजला नाही.

मी त्यांना सांगितलं असतं की पोरगी खरं बोलते, तर? कदाचित बापाने दांडा खाली ठेवला असता, पोरीवरचा आळ गेला म्हणून. कदाचित तिथेच तुझा जीव घेतला असता. गेले सतरा दिवस मी दोन्ही बाजू लिहून बघते. यादी पुरी होत नाही.

इंदूरच्या दवाखान्यात तू चार दिवस काढलेस. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलास, तोंड सुजलेलं, एक डोळा बंद. मी जवळ होते. तू म्हणालास, "सुमे, रजिस्टर नीट ठेव. पोलीस मागतील." मी म्हटलं, ठेवलंय. तू म्हणालास, "तू होतीस म्हणून." पुढचं वाक्य झालं नाही. ते काय होतं ते मला आता कधी कळणार नाही. तू होतीस म्हणून क्लास चालला, की तू होतीस म्हणून मी निश्चिंत होतो? मी तुझ्या कपाळावर हात ठेवला. सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, "पाणी?"

पोलिसांना मी पहिल्या बयानात सांगितलं, मुलीच्या अकरा चुका होत्या, सरांनी थोडं मारलं. रजिस्टर तेराव्यानंतर आणून देते म्हटलं. सुतकातलं घर म्हणून त्यांनी मानलं.

मधल्या दिवसांत गावात दुसरंच रजिस्टर लिहिलं गेलं. अकरा चुका केल्या आणि मास्तरचा जीव घेतला, अशी ती पोरगी. तिच्या शाळेतल्या मुलांच्या मोबाइलवर तिचा फोटो फिरला, त्यावर अकरा आकडा. मामाने तिला देडतलाईला परत सोडलं. बाप, मामा, चुलतभाऊ आत. ती शाळेत जात नाही, दहावीला बसणार नाही, असं कळलं. तू मेलास, तीन माणसं आत गेली आणि जी एकटी बरोबर होती तिला सगळे चूक म्हणतात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीला सगळं सांगितलं. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "ते पान फाडून टाक."

"फाडलं तर कळतं वहिनी. शिलाई सुटते."

"मग पूर्ण रजिस्टर जाळ. त्यांचं नाव राहू दे. निदान ते तरी राहू दे."

"आणि पोरीचं?"

"पोरीच्या बापाने माझं कपाळ पुसलं, सुमन. तुला पोरगी दिसते?" तिने पोळपाट माझ्याकडे फेकला. माझ्या खांद्याला लागला. मी उचलून जागेवर ठेवला. तिचं चुकत नव्हतं. तुझ्या घरात राग हाताने काढायची सवय आपणच लावली.

परवा मी पोलिसांच्या थाण्यात गेले. थाण्याचे मोठे साहेब, टीआय, त्यांच्यासमोर रजिस्टर उघडलं, त्यांच्याच टेबलावरची प्लास्टिकची पट्टी ओळीखाली ठेवली आणि म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं, मग खालची ओळ वाचली. "मॅडम, पहले बयान में तो आपने कुछ और लिखवाया है."

"खोटं होतं. आता हे लिहा."

"इससे सामनेवालों का केस हलका होगा. सोच लीजिए. भाई आपका गया है."

"त्यांनी माझ्या भावाला मारलं, तेही मी डोळ्यांनी पाहिलं, तेही लिहा. मी मोजलं, तेही. काहीच गाळू नका." सही करताना माझा हात स्थिर होता. तुला हे सांगते कारण तुला माझ्या हाताची काळजी असायची.

थाण्यातून घरी आले नाही. स्टँडवर देडतलाईची बस धरली. पिशवीत पायलचा पेपर होता आणि पानाची झेरॉक्स.

घरी तिची आई होती. मला ओळखल्यावर अंगणात केळीच्या घडांवर विळा घेऊन बसलेली तशीच उभी राहिली, विळा हातात. "काय पाहायला आली? माणूस आत आहे, पोरगी बहिरी झाली. अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, बसू दे मला दोन मिनिटं. ती म्हणाली, बसू नको. मी उभीच राहिले. उभ्याने सांगितलं. सगळं. पट्टीपासून पायरीपर्यंत. तिने विळा खाली ठेवला नाही, पण अंगावरही आली नाही. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा झाला की वाटलं, मारेल तर बरं होईल. मग आत तोंड करून तिने हाक मारली, "पायल. बाहेर ये."

पायल आली. केस कापसाने झाकलेल्या डाव्या कानावर ओढलेले. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला कागद पाहिला. आणि भाऊ, तिने उजवा हात पुढे केला, डावा पाठीमागे घेतला. कुणी सांगितलं नव्हतं.

एकोणीस वर्षं मी हा हात टेबलापलीकडून बघितला. इतक्या जवळून पहिल्यांदाच. तळव्यावर अजून दोन पिवळे वळ होते.

मी म्हटलं, "हात खाली घे गं." ती तशीच उभी राहिली. मी तिच्या डाव्या बाजूला होते. पुन्हा म्हटलं, तरी तशीच. मग कळलं. मी वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेले, वाकले आणि म्हटलं, "पायल, हात खाली घे. वीसपैकी वीस आहेत तुला. चूक माझी होती."

तिने हात खाली घेतला. पेपर घेतला, शेवटच्या वाक्यापाशी बोट ठेवलं, खोडलं होतं तिथे. मग म्हणाली, "मला माहीत होतं, ताई. मी तीन वेळा सांगितलं."

मला दोनदाच आठवत होतं. तिसरं मला ऐकूच आलं नव्हतं. बसमध्ये बसून पुन्हा आठवून पाहिलं तेव्हा ते सापडलं. नवव्या फटक्यानंतर, तुझ्या डोळ्यांत बघून. तेव्हा मी दहा म्हणायच्या तयारीत होते.